डोळे मिटून काही ऐकू आलं नाही, ते बरंच झालं

सीवूड्सच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरी अडीच वर्षांची इंडी, म्हणजे देशी, कुत्री आहे, झिपरी. रस्त्यावरून आणलेली, स्वभावाने गोड. पण रोज संध्याकाळी सातच्या सुमारास ती अंग चोरून उठते, बाथरूमच्या दाराशी जाऊन थरथरत उभी राहते आणि अर्ध्या तासाने आपोआप ठीक होते. डॉक्टरांनी तपासलं, रक्तही तपासलं, काही निघालं नाही. मग ताईंनी प्राण्यांशी अंतर्ज्ञानाने बोलायला शिकवणारा दोन दिवसांचा ऑनलाइन वर्ग केला. प्राण्याचा फोटो समोर ठेवायचा, डोळे मिटायचे, मनात प्रश्न विचारायचा आणि पहिलं जे येईल ते उत्तर मानायचं. वर्गात सगळ्यांना काही ना काही ‘आलं’, ताईंना काहीच आलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की झिपरीला त्या वेळी तिची आई आठवते. ताई विचारतात, ‘माझ्यातच काही कमी आहे का? हे खरंच शिकता येतं की सगळ्या थापा आहेत?’

ताई, तुमच्यात काही कमी नाही. काही आलं नाही हे तुम्ही चारचौघांत कबूल केलंत, या कामाला लागणारी पहिली गोष्ट तीच. आणि शिकता येतं का म्हणाल, तर येतं. मी एकवीस वर्षं ठाण्यात कुत्र्या-मांजरांच्या वर्तनाचं काम करते, आणि दार उघडून आत शिरल्याबरोबर ‘याचं पोट दुखतंय’ असं वाटावं आणि ते खरं निघावं, असे प्रसंग माझ्या वाट्याला बरेच आले आहेत. लोक त्याला सिद्धी म्हणतात. पण त्यातला एकही प्रसंग डोळे मिटून आलेला नाही.

मी शिकले ते नौपाड्यातल्या एका दवाखान्यात. माझं काम म्हणजे जनावर टेबलावर धरून ठेवायचं, डॉक्टर सुई टोचेपर्यंत. पहिल्या वर्षी माझे ओरबाडलेले हात बघून आई म्हणायची, ‘भाजी चिरतेस की स्वतःला?’ दुसऱ्या वर्षी ओरखडे कमी झाले. काय बदललं हे तेव्हा सांगता आलं नसतं. मांजर चावणार हे मला कळायचंच नाही, माझ्या हातांना कळायचं. बोटांखालची कातडी जराशी घट्ट व्हायची, शेपटीचं टोक एकदा टपकन आपटायचं, श्वास अर्ध्यावर थांबायचा, आणि मी पकड बदललेली असायची. डोक्यात विचार यायच्या आधी. ज्याला आपण अंतर्ज्ञान म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं. इतक्या वेळा बघितलेलं, की बघतोय हेच लक्षात राहत नाही.

आमचे आजोबा शहापूरकडचे. घरी बैलजोडी होती. खाकरल्याशिवाय ते गोठ्यात पाऊल टाकत नसत आणि बैलाच्या मागून जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय जात नसत. एका सकाळी म्हणाले, ‘आज सर्जाला जुंपायचा नाही, त्याचं मन नाही.’ दुपारी खुरात रुतलेला काटा निघाला. आम्हा पोरांना वाटायचं, आजोबा रात्री बैलांशी बोलतात. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की सर्जाने त्या रात्री रवंथ नीट केला नसणार, उठताना एक पाय उशिरा टेकला असणार, आणि आजोबांनी ते बघितलं असणार. ‘डाव्या मागच्या पायावर भार देत नाही’ असं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. ‘मन नाही’ होतं. शब्द गूढ वाटला तरी माहिती साधी होती.

आता थापांचं बघू. त्यासाठी आपला नंदीबैल पुरेसा आहे. गुबुगुबू वाजवत दारात येणारा नंदीबैल लहानपणी ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल. ‘पाऊस पडेल का?’ विचारलं की मान हलवणारा. ती मान कासरा, ढोलकीचा ठेका नाहीतर आवाजाच्या चढ-उताराने हलवली जाते, हे मालकाला ठाऊक असतं आणि मोठ्या माणसांनाही. बर्लिनमध्ये याचाच एक भाऊ होता, हान्स नावाचा घोडा. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक. बेरीज, वजाबाकी, तारखा, काहीही विचारा, हान्स खुराने तितके टोले देऊन उत्तर द्यायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, लबाडी सापडली नाही. सापडणार कशी, लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने दोन गोष्टी करून बघितल्या. उत्तर स्वतःलाच माहीत नसलेला माणूस प्रश्न विचारायला उभा केला, आणि हान्सला प्रश्न विचारणारा दिसू नये अशी सोय केली. दोन्ही वेळा हान्स नापास. विचारणारा माणूस प्रश्न संपल्यावर नकळत किंचित पुढे वाकायचा आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर उचललं जायचं. घोडा ते बघून थांबायचा. फुंग्स्टने हे १९०७ मध्ये छापलं.

ही गोष्ट सहसा ‘बघा, कसे फसले’ म्हणून सांगितली जाते. मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो. फुंग्स्टने स्वतः घोड्याची जागा घेतली. समोरच्याने मनात आकडा धरायचा, हा टेबलावर टकटक करत जायचा आणि समोरच्याच्या डोक्याची ती सूक्ष्म हालचाल दिसली की थांबायचा. बहुतेक वेळा तो बरोबर ठरला. म्हणजे घोड्याला जे येत होतं ते माणसालाही शिकता आलं. आणि ज्यांचा आकडा ओळखला गेला त्यांना हे मनकवडेपणच वाटलं असणार! हान्सला गणित येत नव्हतं हे खरं, पण माणूस वाचण्यात तो त्या अख्ख्या समितीच्या पुढे होता. ताई, तुम्हाला व्हायचंय ते हान्स.

फोटोवरून दूरच्या प्राण्याशी मनाने बोलता येतं, याचा एकही धड पुरावा एवढ्या वर्षांत माझ्यासमोर आलेला नाही. मग लोकांना अनुभव का येतात? एक तर वाक्यं सैल असतात. ‘त्याला घरातली एक जागा फार आवडते’, ‘तिला कुणाच्या तरी जाण्याचं दुःख आहे’. रिकामी जागा आपण भरतो. दुसरं कारण मला जास्त पटतं. ‘तुमचा कुत्रा एकटा पडलाय’ असं कुणी सांगितलं की माणूस त्या दिवसापासून फोन बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसायला लागतो, आणि कुत्रा सुधारतो. सांगणाऱ्याला श्रेय मिळतं, कुत्र्याला सोबत मिळते. इथवर माझं भांडण नाही. दिवाणखान्यात बसून केलेल्या या गोष्टींनी कुणाचं वाकडं होत नाही.

वाकडं होतं ते दुखण्यात आणि हरवण्यात. कोपरखैरण्यातल्या एका घरचा बोका अचानक गादीवर मुतायला लागला. घरात तान्हं बाळ आलं होतं. फोटो बघून त्यांना कुणीतरी सांगितलं की बोका रुसलाय, त्याला बाळाचा मत्सर वाटतोय, रोज रात्री त्याची मनाने माफी मागा. चौथ्या दिवशी मला फोन आला. मी विचारलं, ‘मुताला बसतो तेव्हा किती वेळ बसतो? किती थेंब येतात?’ पलीकडे शांतता. मग, ‘बसतो बराच वेळ, पण आज काही आलंच नाही.’ मी म्हटलं, रिक्षा पकडा, आत्ता. नर मांजराची मूत्रनळी अरुंद असते, ती अडली तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. हा वाचला, थोडक्यात. म्हणून माझा नियम असा की वागण्यात अचानक फरक पडला तर आधी डॉक्टर, मग मी, आणि मनाच्या गप्पा सगळ्यांत शेवटी. तुम्ही डॉक्टरांकडे आधी गेलात, छान केलंत.

हरवलेल्या मांजराचं तर विचारूच नका. ‘ती जिवंत आहे, पाण्याजवळ आहे, हिरवं गेट दिसतंय.’ नवी मुंबईत पाण्याजवळ नसलेली जागा दाखवा मला! एका बाजूला खाडी, मध्ये पाणी साठवायचे होल्डिंग पॉन्ड आणि प्रत्येक दुसऱ्या सोसायटीचं गेट हिरवं. हे ऐकून एका घरची माणसं तीन दिवस ऐरोलीपर्यंत फिरत होती आणि त्यांची मनी त्यांच्याच इमारतीच्या डक्टमध्ये बसलेली होती, पहिल्या मजल्यावरच्या पाइपामागे. घरात वाढलेलं मांजर बाहेर पडलं की सहसा लांब जात नाही, जवळच दडतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री दोननंतर, सगळं शांत झाल्यावर टॉर्च घेऊन स्वतःच्याच इमारतीचा पाया शोधायचा. गाड्यांखाली, मीटरच्या खोलीत, जिन्याखाली. उजेड पडला की डोळे चमकतात.

आता शिकायचं कसं. मी शिकवायला सुरुवात करते ती कुणाच्या पाळीव कुत्र्यापासून नाही, कारण आपल्या कुत्र्याबद्दल आपली मतं आधीच ठरलेली असतात. गल्लीतल्या कुत्र्यापासून करते. सकाळी सव्वासहाला उपवन तलावाच्या कट्ट्यावर, नाहीतर तुमच्याकडे सेक्टरातल्या बागेच्या कोपऱ्यावर. वीस मिनिटं, रोज तीच वेळ, तीच जागा. फोन खिशात, बिस्किटाचा पुडा घरी. कुत्र्याशी बोलायचं नाही, त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, अंगावर तिरकं, लांबून बघायचं. आणि वहीत फक्त काय झालं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. ‘घाबरला’ हा शब्द पहिला महिना बंद. ‘स्कूटर आली, कान मागे गेले, तोंड मिटलं, पुढचा उजवा पाय उचलला, स्कूटर गेल्यावर अंग झाडलं’ असं. हे जमायला लोकांना फार जड जातं. एका निवृत्त बँक मॅनेजर काकांच्या वहीत पहिल्या आठवड्यात ‘स्वाभिमानी’, ‘लोचट’, ‘धूर्त’ आणि ‘आमच्या साहेबांसारखा’ एवढंच होतं. दुसऱ्या महिन्यात मात्र त्यांनीच मला दाखवलं की त्या टोळीतली म्हातारी कुत्री कुठे आडवी होते त्यावरून बाकीची चार कुठे बसणार हे ठरतं. मला ते दिसलं नव्हतं.

काय बघायचं? मला विचाराल तर आधी तोंड. सैल, जरा उघडं तोंड आणि घट्ट मिटलेलं तोंड यांत कुत्र्याची अर्धी कहाणी आहे. खेळता खेळता ज्या क्षणी तोंड मिटतं, तो क्षण पकडायला शिका. मग भार पुढच्या पायांवर आहे की मागच्या. मग कान कुठे वळलेत. भूक नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोकं वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं ‘मला जरा जागा द्या’ या जातीचं. शेपटी मी शेवटी बघते, लोक पहिली बघतात. शेपटी हलते म्हणजे खूश, या समजुतीपायी मी कोपरीत एका अल्सेशियनचे दात खाल्ले आहेत. शेपटी हलत होती, पण उंच, ताठ, काठीसारखी. बाकीचं अंग पुतळ्यासारखं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता. मालक म्हणाले, ‘काही करत नाही हो तो,’ आणि मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून पोटातला गोळा गिळला. शरीराने बघितलं होतं, डोक्याने ऐकलं नाही. तेव्हापासून पोटात गोळा आला की मी आधी थांबते, कारण नंतर शोधते. (चावलाच कुणी, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, कुत्रा ओळखीचा असला तरी. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.)

आपली रस्त्यावरची कुत्री माणसं वाचण्यात फार पुढे गेलेली आहेत, हेही सांगितलं पाहिजे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की कुणी काही न शिकवलेली रस्त्यावरची कुत्रीही माणसाच्या हाताचा इशारा ओळखतात. दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे माणूस बोट दाखवतो. जी कुत्री जवळ आली त्यांतली सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेली. पण बरीचशी जवळच आली नाहीत. मला या प्रयोगात ती न आलेली कुत्रीच जास्त बोलकी वाटतात. माणसाच्या हाताचा दुसरा अर्थही त्यांना माहीत असतो.

जवळ कधी जायचं, हा खरा धडा. प्राण्यांच्या भाषेतला पहिला शब्द अंतर. हे बघायचं असेल तर फ्लेमिंगोंच्या दिवसांत नेरूळला पाणथळीच्या कडेला उभं राहा. सगळ्या माना खाली, चोची उलट्या करून चिखलात. कॅमेरावाले एकेक पाऊल पुढे सरकतात. आधी कडेची एक मान वर येते. मग चार. मग थवा चालायला लागतो, आणि तरीही कुणी पुढे गेलं तर उडतो. उडाल्यावर लोक म्हणतात, ‘अरे, अचानक उडाले!’ अचानक काही नव्हतं. पहिली मान वर आली तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं. तुमच्या लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या मुलीने झिपरीच्या तोंडाशी वाकून ‘सो क्यूट’ म्हणणं आणि झिपरीने मान वळवणं, ही तीच पहिली मान.

घरात हे तपासायची सोपी रीत आहे. प्राण्याला तीन सेकंद कुरवाळा, छातीवर किंवा गालाच्या कडेला, डोक्यावरून हात नेऊन नाही. मग हात काढून घ्या, मांडीवर ठेवा आणि काहीच करू नका. तो पुढे सरकला, नाक हाताखाली खुपसलं, अंग टेकवलं, तर अजून हवंय. तिथेच बसून ओठ चाटले, दुसरीकडे बघितलं, अंग झाडलं, तर पुरे झालंय. दिवसातून दहा वेळा करा. पहिले दोन दिवस बहुतेकांना धक्का बसतो, कारण जो कुत्रा ‘लाड करून घेतो’ असं दहा वर्षं वाटत होतं तो नुसता सहन करत असतो. मांजरांसाठी याहून सोपं आहे. लांबून, त्याच्याकडे सैल नजरेने बघत डोळे हळूहळू बारीक करून मिटा आणि हळू उघडा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की असं केलं की मांजरंही डोळे तसेच मिटवतात आणि अनोळखी माणसाकडेही जायला जास्त तयार होतात. डोळे मिटून प्राण्यांशी बोलायची ही एवढी एकच रीत मला ठाऊक आहे, आणि तीही क्षणभराची.

आवाजाबद्दल थोडं, कारण इथे आपल्या आज्या आपल्यापेक्षा हुशार होत्या. कुत्र्याला बोलवायला ‘यू यू यू’. बैल थांबवायला लांब, उतरतं ‘होऽऽ’. हाकायला ‘च्यक च्यक’. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल या संशोधिकेने जनावरं हाकणाऱ्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांचे आवाज तपासले तेव्हा हाच नमुना निघाला. तुटक, पुन्हा पुन्हा येणारे आवाज जनावराला हलवायला, लांब आणि उतरते आवाज थांबवायला. आपण मात्र कुत्रा अंगावर धावून आला की ‘नो नो नो नो’ करतो. त्याला ते ‘ये ये ये ये’सारखंच लागतं! आणि एक गंमत मला अजून उलगडलेली नाही. ज्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे एकमेकांशी मराठी बोलतात, तिथे कुत्र्याशीच इंग्रजी का? ‘सिट, कम, नो’ आजीला नीट म्हणता येत नाही, म्हणून कुत्रा आजीचं ऐकत नाही, म्हणून कुत्रा हट्टी. ‘बस’ म्हणा ना. बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये कुत्र्यांचे मेंदू स्कॅन करून दाखवलं की शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा सूर दोन्ही जुळले तरच मेंदूतला बक्षिसाचा भाग नीट उजळतो. सूर ज्या भाषेत आतून येतो त्या भाषेत बोलावं.

बघायला शिकलात की पुढची पायरी अंदाजाची, आणि इथे वही पुन्हा लागते. काही वाटलं की आधी लिहायचं, मग पडताळायचं. ‘याला दारावरचा कुरियरवाला आवडत नाही’ असं वाटलं? लिहा. मग बघा. कुरियरवाला नसताना तेच होतं का? कुरियरवाला हातात खोकं न घेता आला तर? खरं निघालं की बरोबरची खूण, खोटं निघालं की फुली. माझ्या सुरुवातीच्या वह्यांत फुल्याच जास्त आहेत. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचं अंतर्ज्ञानाबद्दल वर्षानुवर्षं पटत नव्हतं. २००९ मध्ये एकत्र लिहिताना दोघं एका गोष्टीवर आले: जिथे गोष्टी काही नियमाने घडतात आणि आपण चुकलो की बरोबर हे लगेच कळतं, तिथेच माणसाचं आतून वाटणं भरवशाचं होतं. अग्निशमन दलातल्या माणसाचं होतं, दवाखान्यातल्या माझ्या हातांचं झालं, कारण चुकले की मांजर लगेच ओरबाडायचं. ‘झिपरीला आई आठवते’ हे बरोबर आहे की चूक, ते कधी कळणार? झिपरी येऊन सांगणार नाही. जे वाक्य कधीच चूक ठरू शकत नाही त्यातून कुणी काही शिकत नाही, सांगणाऱ्या बाईसुद्धा नाही.

फुल्या मलाही अजून पडतात. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये नऊ वर्षांचा लॅब्राडोर कुत्रा लिफ्टमध्ये शिरेना. मी गेले, बघितलं आणि आतून ठाम वाटलं की लिफ्टचा काहीतरी आवाज आहे. तसं सांगणार होते. पण सवयीने लॉबीत चाळीस मिनिटं जमिनीवर बसले. कुत्रा लिफ्टपासून नाही, लिफ्टच्या आधीच्या सहा फुटांपासून थांबत होता. दिवाळीत सोसायटीने तिथे नव्या चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. त्याची नखं त्यावर पसरत होती, मागचे पाय फाकत होते. एक्स-रे काढला, कंबरेच्या सांध्यांना संधिवात. एक रबरी पायपोस आणि गोळ्या, झालं. माझं अंतर्ज्ञान लिफ्टकडे बोट दाखवत होतं आणि कुत्रा जमिनीकडे. तसंच ते ‘चोरासारखं तोंड’. उशी फाडल्यावर कुत्रा जे अपराधी तोंड करतो, ते अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये तपासलं. ज्या कुत्र्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनाही मालक रागावले तर तसंच तोंड झालं. ते तोंड पश्चात्तापाचं नाही, आपला चेहरा वाचून केलेलं आहे. पुन्हा तोच हान्स.

कुणीतरी नेहमी विचारतं म्हणून पिंजऱ्यातल्या पोपटाचंही सांगते: आपला देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच्याशी संवाद शिकण्याआधी वनखात्याशी करावा.

आता झिपरी. ती काय म्हणतेय हे मी इथे नौपाड्यात बसून सांगणार नाही, नाहीतर माझ्यात आणि त्या वर्गात फरक काय राहिला. पण काय बघायचं ते सांगते. आठ दिवस रोज साडेसहाला झिपरी असते त्या खोलीत जमिनीवर बसा, दिवा लावलेला असू दे, तुमचे डोळे उघडे. थरथर सुरू झाली की उशीर झाला. त्याच्या आधीची पहिली खूण पकडा. तोंड कधी मिटलं, श्वास कधी बदलला, कान आधी कुठल्या भिंतीकडे वळले. घड्याळात बघून मिनिटासकट लिहा. शक्य असेल तर फोन स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या आणि नंतर अर्ध्या वेगाने बघा, पहिल्यांदा जे सुटतं ते तिथे दिसतं. तिच्या आसपास ‘काय झालं बाळा’ करत वाकू नका, पण ती येऊन टेकली तर हात जरूर ठेवा. धीर दिल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. दोन दिवस तिला सव्वासहालाच बाहेर फिरायला न्या आणि पावणेआठला परत आणा. बाहेर थरथर झाली तर व्हिडिओ घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे. बाहेर झाली नाही तर कारण घरात आहे किंवा घराच्या भिंतीत.

बाथरूमबद्दल एक. घाबरलेली कुत्री पुष्कळदा बाथरूमकडेच जातात. थंड फरशी, लहान जागा, रस्त्याकडच्या खिडक्यांपासून लांब. फटाक्यांत ठाण्यातली निम्मी कुत्री कमोडच्या मागे असतात. म्हणजे तिथे ती कुणाला आठवायला जात नसावी, दडायला जात असावी. पण मग आत न जाता दाराशीच का थांबते? दार बंद असतं का? की आत काही आहे जे आत जाऊ देत नाही? आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासपर्यंत. त्यामुळे तुम्हाला जे घर शांत वाटतं ते तिच्यासाठी असेलच असं नाही. बाथरूमच्या बाजूने डक्ट जात असेल, डक्टमधून पाण्याचे पाइप जात असतील. वही भरायला लागा, आणि तोवर खाली गेलात की वॉचमनना एवढं विचारून ठेवा, संध्याकाळचा पंप किती वाजता लावतात आणि किती वेळ चालतो.